चार इंग्रज आणि माझा डावा कान

ऑफिसात माझ्या डाव्या हाताला बसणारे सहकारी एका सोमवारी जागेवर आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, सासूबाई गेल्या." मला ऐकू आलं, "सासूबाई आल्या." मी फायलीतून मान वर न करता म्हणाले, "अरे वा! किती दिवस आहेत?"

त्यांनी रजेचा अर्ज माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "तेराव्यापर्यंत रजा हवी होती."

दुपारपर्यंत ही गोष्ट तिन्ही मजल्यांवर पोचली. निम्म्या ऑफिसने मला निर्दय ठरवलं. उरलेल्या निम्म्यांच्या सासवा अजून धडधाकट होत्या. ते माझ्याकडे जरा आदराने बघायला लागले. घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं, तर नवरा हसला आणि मुलगी हसली नाही. मुलगी हिंजवडीत नोकरी करते, दिवसभर कानात काहीतरी खुपसून मीटिंगा करते, त्यामुळे कान या अवयवाबद्दल तिची मतं ठाम आहेत. तिने शनिवारची वेळ घेतली आणि मला कारमध्ये घालून वारज्याहून डेक्कनला कान तपासायला नेलं.

तिथे एका काचेच्या खोलीत बसवतात, डोक्याला हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बारीक आवाज आला की दाबायचं. मी मनापासून दाबत होते. पाच मिनिटांनी तपासणारी मुलगी दार उघडून आत आली.

"काकू, आत्ता मी काहीच वाजवत नव्हते."

"मग कोण वाजवत होतं?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या कानात शिट्टी वाजते का?"

"वाजते की. डाव्या. बरीच वर्षं."

"आणि तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"मला वाटलं, सगळ्यांच्याच वाजते."

बाहेर बसलेल्या माझ्या मुलीने कपाळावर हात मारलेला मला काचेतून दिसला. ऐकू यायची गरज नव्हती.

तपासणी संपल्यावर आलेख समोर ठेवून प्रश्न सुरू झाले. उजवा कान वयाच्या मानाने बरा होता. डाव्याची रेघ मात्र मधेच सिंहगडाच्या कड्यासारखी खाली कोसळली होती. कारखान्यात काम केलंय का? नाही. ढोल-ताशा पथकात होतात? नाही. कानाजवळ फटाका? नाही.

"बँड," मी म्हणाले.

"अय्या, तुम्ही बँडमध्ये होतात?"

"नाही हो. ऐकत होते."

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव घेतलं की पुण्यातला माणूस डोळे अर्धवट मिटून "हो हो, क्लासिकच" म्हणतो आणि आपल्याला त्याचं मत अर्धा तास ऐकावं लागतं. चार इंग्रज होते, एवढं पुरे. गाणारा वरच्या सुराला पोचायचा नाही, पण पोचल्याचा आव जोरात आणायचा. गिटारवाला एकदा वाजवायला लागला की बाकीचे तिघं बहुधा चहा पिऊन येत असावेत. बेसवाला कोणाच्या लक्षात राहत नसे. ढोल बडवणारा मात्र असा बडवायचा की ऐकणाऱ्याच्या बरगड्यांनाही काम लागायचं. पुढे ते एकमेकांशी भांडले, फुटले, पैशांसाठी परत एकत्र आले, पुन्हा भांडले. आता त्यातले उरलेले खुबे बदलून घेतात आणि निरोपाचे दौरे काढतात. त्यांचा निरोप माझ्या सेवानिवृत्तीपेक्षा जास्त लांबलाय. अनेक चाहत्यांकडे त्यांच्या सह्या असतात. माझ्याकडे शिट्टी आहे.

ही शिट्टी मला कॉलेजात मिळाली, आणि ती मला एकटीला मिळालेली नाही.

आम्ही तेव्हा येरवड्याला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील सरकारी नोकरीत, आई घर आणि शिवणयंत्र दोन्ही चालवायची. मला नदीपलीकडच्या एका मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथल्या मुली चांगल्याच होत्या. फक्त मी "पाणी" म्हटलं की माझा 'ण' जागेवर आहे का ते त्यांचे कान तपासून बघायचे. तो असायचा, कारण वडिलांनी लहानपणी पट्टी घेऊन बसवला होता. मग पुढचा प्रश्न यायचा, "आडनाव काय गं तुझं?" ते सांगितलं की "अच्छा" यायचं. त्या "अच्छा"ला किती मजले असतात, हे ज्याला ते ऐकावं लागलंय त्यालाच माहीत. मी वर्गात हळू बोलायला लागले, मग जवळजवळ बोलेनाशीच झाले.

माझ्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी कॅम्पातली होती. तिच्या घराण्याची पुण्यात चौथी का पाचवी पिढी, तरी तिला दर आठवड्याला कोणीतरी विचारायचं, "तू मराठी किती छान बोलतेस गं! कुठे शिकलीस?" ती म्हणायची, "घरी. तू?" त्या एका उत्तरावर मी तिची मैत्रीण झाले.

तिच्या अब्बांचं कॅम्पात छोटं दुकान होतं. पुढे कॅसेटी, मागे रेडिओ-टेपरेकॉर्डरची दुरुस्ती. त्यांना मी चाचा म्हणायचे. चाचा गझला आणि कव्वाल्यांचे शौकीन. पण कोरेगाव पार्कातले आश्रमवाले परदेशी, मोक्ष मिळाल्यावर किंवा पैसे संपल्यावर मायदेशी जाताना आपलं सामान विकून जायचे, आणि त्यातलं बरंच चाचांकडे यायचं. तसा एक वॉकमन आला. त्याच्या हेडफोनची डोक्यावरची पट्टी मधोमध तुटलेली, आणि आवाजाचं चाक जवळपास वरच्या टोकाला अडकलेलं. विकायच्या लायकीचा नाही म्हणून चाचांनी तो आम्हाला दिला. आत एक कॅसेट तशीच राहिली होती. तेच ते चौघं.

पट्टी तुटलेली असल्यामुळे एक मोठी सोय झाली. दोघींनी डोक्याला डोकं लावून बसायचं. डावा स्पंज माझ्या डाव्या कानाला, उजवा तिच्या उजव्या कानाला. चाचा दुपारी जेवून लवंडायचे, तेवढा वेळ आम्ही काउंटरमागे जमिनीवर बसून ऐकायचो. पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा मी खरोखर किंचाळले. असं वाटलं, की कोणीतरी माझ्या डोक्यातलं सगळं फर्निचर उचलून रस्त्यावर फेकलं. त्यात ते "अच्छा"ही गेलं. इतक्या आवाजात कोणी कोणाचं आडनाव विचारूच शकत नव्हतं.

चाचा एकदा मधेच उठून आले. तिच्या कानाचा स्पंज आपल्या कानाला लावून त्यांनी थोडं ऐकलं आणि परत देत म्हणाले, "बेटा, ये गा रहा है या कोई इसका दाँत निकाल रहा है?" मग म्हणाले, "लाओ, वो चाक ठीक कर देता हूँ." आम्ही दोघी एकदम "नको" म्हणालो. चाचांनी खांदे उडवले. त्या "नको"चं बिल आम्हाला आत्ता कुठे आलंय.

ती कॅसेट मी एकदा घरी आणली. आमचा टेपरेकॉर्डर शेजाऱ्यांनाही आपलाच वाटायचा, इतका त्याचा आवाज मोठा होता. मी लावून बसले होते, तेवढ्यात वडील कामावरून आले. मी बंद करायला उठले.

"राहू दे," ते म्हणाले. चप्पल काढून उंबऱ्यापाशीच उभे राहिले. "काय म्हणतोय हा?"

"नीट कळत नाही."

"चिडलाय कुणावर?"

"सगळ्यांवर, बहुतेक."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले.

वडील आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत खंजिरी वाजवायचे. जयंतीला ट्रकवर कर्णे बांधून रात्रभर गाणाऱ्या माणसांपैकी. त्यामुळे मोठ्या आवाजाचं त्यांना काही वाटायचं नाही, आणि चिडून गाण्यात काही गैर आहे असंही वाटायचं नाही. चहा झाल्यावर त्यांनी खुंटीवरची खंजिरी काढली, मला कॅसेट परत लावायला सांगितली आणि दोन गाणी बरोबर वाजवून बघितली. मग निकाल दिला. "ढोलकीवाला आपल्या पार्टीत चालेल. गाणाऱ्याला आधी सहा महिने कोरसमध्ये उभा करावा लागेल." त्या बँडबद्दल मी पुढे जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली. त्यापेक्षा नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

मैत्रिणीचं आणि माझं एकच भांडण होतं, पण ते टिकाऊ होतं. त्या कॅसेटवरचं आमचं सगळ्यात लाडकं गाणं कशाने सुरू होतं? मी म्हणायचे, गिटारने. धाडकन. ती म्हणायची, छे, त्याच्या आधी बेस आहे. मांजर झोपेत गुरगुरतं तसा. मी म्हणायचे, तुला भास होतो. ती म्हणायची, तुला गाणी कळत नाहीत. आम्ही कँटीनमध्ये भांडलो, एस.टी. स्टँडवर भांडलो, माझ्या लग्नात स्टेजवर ती भेट द्यायला आली तेव्हा फोटोग्राफर थांबलेला असताना भांडलो. त्या फोटोत माझा नवरा दोघींच्या मधे वळून कोणाकडे बघावं या विचारात पडलेला दिसतो. त्याला संगीतातलं काही कळत नाही आणि त्याने ते कधी लपवलं नाही, हा त्याचा मोठा गुण.

बँडने मला काय दिलं, हे मुलीने त्या शनिवारी परतताना गाडीत विचारलं. ती स्वतः त्या बँडचं चित्र असलेला टी-शर्ट घालून बसली होती. मी विचारलं, "यांचं एक गाणं सांग." ती म्हणाली, "हे गाणारे आहेत? मला वाटलं, डिझाइन आहे." मी तिला खरं ते सांगितलं. एक तर इंग्रजी दिलं, तेही चुकीचं. त्यातले शब्द मी जसे ऐकू आले तसे पाठ केले आणि पहिल्या मुलाखतीत एक वापरला, तर समोरच्या साहेबांनी तो मला पुन्हा उच्चारायला लावला आणि मग पाणी मागवलं. तरी नोकरी मिळाली. दुसरं म्हणजे आवाज दिला. त्या गाण्यांबरोबर दुकानामागे बसून ओरडता ओरडता मला कळलं की माझ्या छातीत एवढा आवाज आहे. पुढे ऑफिसात कोणी माझं बोलणं मधे तोडलं की मी तो काढायचे. आता कळतंय, की थोडा बहिरेपणामुळेही निघत असावा. पण काम व्हायचं.

तपासणीहून परतल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. ती कोंढव्याला राहते, नातवंडांत रमते आणि शिक्षिका म्हणून निवृत्त झाली तरी सगळ्यांना अजून उभं करते.

"अगं, माझा डावा कान गेलाय," मी म्हणाले.

"कोणता?"

"डावा!"

 मग ती हसायला लागली, ती थांबेचना. "माझा उजवा गेलाय," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, एकाच कानाचं असं कसं झालं कळत नाही. मी म्हटलं, मला कळतंय."

"मग मशीन घेतलंस का?"

"नाही. जे ऐकू येत नाही ते बहुतेक माझ्या सुनेचं असतं."

मुलीने मला मात्र सोडलं नाही. दोन्ही कानांना मशीनं आली, बऱ्या उजव्यालाही जोडी म्हणून, शेंगदाण्याएवढी. पहिल्या दिवशी मला घरातला पंखा ऐकू आला, फ्रिज ऐकू आला, नवरा पोहे खाताना किती आवाज करतो तेही ऐकू आलं. हे लग्नाआधी तपासायला हवं होतं. मग मुलगी म्हणाली, "आई, यात फोनवरचं गाणं थेट कानात येतं. लावू?" तिने ते गाणं शोधलं आणि मला खुर्चीत बसवलं.

इतक्या वर्षांत मी ते गाणं हजारदा ऐकलं असेल. टेपरेकॉर्डरवर, सीडीवर, कुकरच्या शिट्टीत, मोबाइलच्या चिरक्या स्पीकरवर. दोन्ही कानांत वेगवेगळं, शांतपणे, कधीच नाही. मी गिटारची वाट बघत होते. त्याच्या आधी उजवीकडून काहीतरी आलं. खूप खालून, सावकाश, मांजर झोपेत गुरगुरतं तसं. मग गिटार आली. मी गाणं थांबवलं, परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचबरोबर मला भयंकर रागही आला, कारण आता फोन करावा लागणार होता.

"बेस आहे," मी सरळ म्हणाले. "आधी बेस आहे."

पलीकडे नातवंडांचा गोंधळ चालू होता. मला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही.

"ऐकलंस का?"

"ऐकलं," ती म्हणाली. "लेखी दे."

त्यानंतर महिन्याभरात मुलीने तिकिटं काढली. पुण्यातल्याच काही मुलांनी त्या बँडची गाणी हुबेहूब वाजवणारा बँड काढलाय, आणि त्यांचा कार्यक्रम मांजरीजवळच्या एका लॉन्सवर होता. रविवारी चार वाजता आम्ही निघालो: नवरा गाडी चालवायला, मुलगी पुढे, मैत्रीण आणि मी मागे, मी डावीकडे आणि ती उजवीकडे, म्हणजे दोघींचे चालू कान एकमेकींकडे.

लॉन्स म्हणजे लग्नाचंच लॉन्स. शेजारीशेजारी दोन. एकीकडे खरंच लग्न होतं, दुसरीकडे आमचे चौघं, मधे फक्त कापडाची भिंत आणि पलीकडे ऊस. आमच्या बाजूचे प्रेक्षक बहुतेक टकले. काळे टी-शर्ट पोटावर ताणलेले, पाठीशी सॅक, सॅकमध्ये बायकोने दिलेलं स्वेटर. स्टेजवरचा गाणारा मुलगा पंचविशीतला, लांब केसांचा विग, चामड्याची घट्ट पँट. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा पलीकडे सनई होती. दोन्ही एकाच सुरात असती तर चाललं असतं.

दुसऱ्या गाण्याला फेटा बांधलेले एक आजोबा आणि नऊवारीतल्या आजी आत आले आणि पहिल्या रांगेत आमच्या शेजारी येऊन बसले. आजोबांच्या हातात आहेराचं पाकीट होतं. ते स्टेजकडे बघत राहिले. गाणं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "नवरा-नवरी कुटं हायती?"

"लग्न शेजारी आहे, बाबा. हा गाण्याचा कार्यक्रम आहे."

"आसं व्हय," ते म्हणाले. आजी उठल्या. आजोबा उठले नाहीत. "बस की गं जरा. जेवान काय पळून जातंय?" ते अजून दोन गाणी बसले, गिटारवाल्याकडे एकटक बघत. जाताना मला म्हणाले, "त्याला म्हणावं, लई लांबवतूस. पर बोटं चांगली हायती."

शेवटी ते आमचं गाणं आलं. मी मशीनचा आवाज वाढवला. बेसवाला मुलगा मागे अंधारात उभा होता, कोणी बघत नव्हतं. त्याने पहिला सूर काढला आणि मैत्रीण खुर्चीवरून उठली, एवढ्या टकल्या गर्दीत एकटी, आणि त्याच्याकडे बोट दाखवून ओरडली, "तोच! तोच!" बिचारा घाबरून थांबला. ढोलवाला थांबला. गाणारा माइकमध्ये म्हणाला, "काकू, काही झालं का?"

"नाही," ती म्हणाली. "परत पहिल्यापासून."

त्यांनी परत पहिल्यापासून घेतलं. या वेळी गिटार आल्यावर मी आणि ती दोघी ओरडलो. मला माझा आवाज ऐकू आला, दोन्ही कानांनी. मुलगी आमच्याकडे बघत होती आणि चक्क व्हिडिओ काढायचा विसरली होती.

कार्यक्रम संपल्यावर गाणारा मुलगा विग हातात घेऊन आमच्यापाशी आला. खालचे केस व्यवस्थित भांग पाडलेले. हिंजवडीत असतो म्हणाला, घरी आईला माहीत नाही म्हणाला. मग एकदम "काकू, आशीर्वाद द्या" म्हणत तो आमच्या पाया पडायला वाकला. चामड्याची पँट निम्म्यावर थांबली. तो तसाच अर्धा वाकलेला राहिला, पुढे होईना, मागे येईना. शेवटी मैत्रिणीने त्याला दंडाला धरून सरळ केलं आणि म्हणाली, "पोचला नमस्कार. ढोलवाल्यासमोर उभा राहतोस, कानात कापूस घालत जा."

एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की नवरा दिसत नाही. फोन केला तर उचलेना. आम्ही तिघी शोधत शोधत कापडाच्या भिंतीपलीकडे गेलो. तो तिथे पंगतीत बसला होता, कपाळाला अक्षता लागलेल्या, शेजारी ते फेटेवाले आजोबा.

"अहो, हे काय?" मी म्हणाले.

"अगं, यांनी हाताला धरून बसवलं. नाही कसं म्हणणार?" तो म्हणाला आणि आजोबांना आमची ओळख करून दिली. आजोबांनी वाढप्याला हाक मारून आणखी तीन पानं मांडायला लावली. मैत्रिणीने शाकाहारी आहे ना एवढं विचारलं आणि पदर खोचून बसली. मुलगी म्हणाली, "आई, आपल्याला इथे कोणीच ओळखत नाही." तोवर माझ्या पानात जिलेबी पडली होती. मी बसले. मठ्ठा उत्तम होता.